गणपतीनी रजा

नूतन दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना, चपलासुद्धा काढीना.

"बाई, तुम्ही असं का लिहिलंत?"

शैलजाबाईंचे हात कणकेनं माखलेले. बुधवारची सकाळ, अडाजणचा तिसरा मजला, आणि समोर सात वर्षं आपल्या वर्गात बसलेली पोर, डोळे सुजलेले. बाई सुरतेतल्या मराठी शाळेत एकतीस वर्षं शिकवून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या. विद्यार्थी अजून पेढे घेऊन येत, पत्रिका घेऊन येत. पण असा जाब विचारायला आजवर कोणी आलं नव्हतं.

"काय लिहिलं मी? पाणी तरी पी आधी."

नूतननं पाणी घेतलं नाही. मोबाइल पुढे केला. वर लाल अक्षरं, खाली लाल अक्षरं, मध्ये हात जोडलेल्यांची रांग.

'जागे व्हा!!! त्या देशात गणपतीला परवानगी नाही!!! घरात मूर्ती ठेवली म्हणून आपल्या सुरतच्याच नर्सला अटक!!! मूर्तीचे तुकडे करून फेकले!!! आपल्या लेकींना तिकडे पाठवण्याआधी शंभर वेळा विचार करा!!!' आणि सगळ्यात खाली, सहीसारखं: 'शैलजाबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, यांच्याकडून खात्रीलायक माहिती.'

त्या देशाचं नाव होतं त्यात. इथं मुद्दाम घेत नाही. नाव घेतलं की लोकांची बोटं लगेच शिवशिवतात.

खोटं बाईंनी पुष्कळ पाहिलं होतं, पण आपल्या नावानं लिहिलेलं खोटं पहिल्यांदाच पाहत होत्या. आणि ती मुख्याध्यापिकाही खोटी! मेल्यांनो, मी साधी शिक्षिका होते, ते तरी नीट लिहा.

नूतन सांगायला लागली तसा एकेक तुकडा जुळत गेला. ती डिंडोलीची, सुरतेतल्याच खानदेशी वस्तीतली. बाप चिंधा साड्यांच्या घडीखात्यात कामाला, आई सरलाबाई घरी फॉल-बिडिंग करते. नूतन नर्सिंग करून चार वर्षं एका दवाखान्यात राबली, परीक्षा दिल्या, आणि आता त्या देशातल्या मोठ्या इस्पितळाचं पत्र आलं होतं. शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत एजन्सीच्या ऑफिसात करारावर सही करायची. नाही केली तर जागा दुसरीला. सगळं ठरलं होतं, बापानं बॅगसुद्धा आणली होती. आणि रविवारी हा मेसेज आला.

"बाबा म्हणाले, कोणी दुसऱ्यानं लिहिलं असतं तर मी थुंकलो असतो त्याच्यावर. पण बाई खोटं लिहीत नाहीत." नूतनचा आवाज फुटला. "बॅग माळ्यावर टाकली त्यांनी. त्यांच्याकडे पाठ करून मी जाणार नाही, बाई. तेवढं माझ्यानं होणार नाही."

"मी लिहिलेलं नाही हे," बाई म्हणाल्या. "एक अक्षर नाही."

"मग कोणी?"

बाईंना ते केव्हाच कळलं होतं. तीन-तीन उद्गारचिन्हं या घरात एकच माणूस घालतो. बाजूच्या खोलीत बसला होता तो, चहाचा कप छातीशी धरून.

"शनिवारपर्यंत मला वेळ दे," बाई म्हणाल्या. "खरं काय ते मी शोधून तुझ्या बाबांना स्वतः येऊन सांगेन. जाण्यासारखं नसेल तर तेही सांगेन. चालेल?"

नूतननं मान हलवली. मग मात्र ती पाणी प्यायली आणि गेली.

बाईंचे यजमान विनायकराव बँकेतून निवृत्त झाल्यापासून एका ग्रुपचे ॲडमिन होते. साडेतीनशे माणसं, नाव 'सत्यजागर'. सकाळी उठले की जिभेला बोट लावायचं आणि मोबाइलची काच सरकवायची. कागद उलटायची जुनी सवय, ती काचेवरही सुटली नाही. दुपारपर्यंत काचेवर वाळलेल्या थुंकीचे पट्टे उमटत. बाई ते पाहून रोज तोंड फिरवत. आज फिरवलं नाही.

"हे तुम्ही लिहिलंत?"

विनायकरावांनी चष्मा वर केला, वाचलं आणि चक्क हसले. "पोचलं का डिंडोलीपर्यंत? बघ! म्हणजे किती फिरलंय!"

"माझं नाव कशाला घातलंत?"

"अगं, तुझ्या नावाला वजन आहे त्या लोकांत. माझ्या नावानं कोण वाचतंय?"

"आणि माहिती कुठून आणलीत?"

"योगेंद्रनं पाठवलं. गुजरातीत होतं. मी फक्त मराठी केलं."

"दाखवा."

योगेंद्र म्हणजे त्यांचा सकाळच्या फिरण्यातला सोबती. त्याचा मेसेज एका ओळीचा होता. त्यां गणपतीनी रजा नथी, सुरतनी नर्स कहे छे. बस्स. तिथं गणपतीची परवानगी नाही, असं सुरतची एक नर्स सांगते. बाईंनी दोनदा वाचलं.

"यात अटक कुठाय? मूर्तीचे तुकडे कुठायत?"

विनायकरावांनी कप खाली ठेवला. "ते मी घातलं. त्याशिवाय कोण वाचतं? अगं, हेतू वाईट नाही माझा. पोरी सावध राहतील. आणि असं होतच असणार तिकडे, आपल्याला काय ठाऊक नाही?"

"ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "तेच तर. तुम्हाला काहीच ठाऊक नाही, आणि तुम्ही बाईमाणसाला तुरुंगात टाकून मोकळे झालात."

"उगाच राईचा पर्वत करू नकोस."

शी! या माणसाबरोबर अडतीस वर्षं एका ताटात जेवले, असं बाईंच्या मनात आलं. त्या उठल्या, कणकेचे हात धुतले, दोनदा धुतले, आणि मुलीनं देऊन ठेवलेला लॅपटॉप उघडून जेवणाच्या टेबलाशी बसल्या.

आता शोधू म्हटलं की सापडतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा बसून बघावं. बाईंना पहिल्या पानावर काय मिळालं? नवऱ्याचाच मेसेज, तीन भाषांत, एकीत नर्स दोन झालेल्या. त्याखाली लाल बाण दाखवत ओरडणारा एक माणूस. त्याखाली त्या देशाच्या पर्यटनाचं पान, तिथं सगळ्या धर्मांची माणसं दात काढून हसत उभी. मग जगाचा एक नकाशा मिळाला, कुठल्या देशात धर्माची किती मोकळीक ते रंगांत दाखवणारा. बाईंना हायसं वाटलं. बारीक अक्षरं वाचली तर आकडे नऊ वर्षांपूर्वीचे. एका सरकारचा जाडजूड अहवाल होता, त्यात सगळ्या जगाची झाडाझडती, स्वतःच्या देशावर एक ओळ नाही. एक संस्था फक्त आपल्या धर्माच्या लोकांचे हाल मोजत होती, दुसरी फक्त आपल्या. शेजारच्या कोठडीतला परधर्माचा माणूस दोघींनाही दिसत नव्हता. दुसऱ्याच्या रडण्याचाही धंदा करतात मेले!

पण बाई जातिवंत मास्तरीण. चौथीच्या वर्गाला त्या तीन प्रश्न घोकून घेत: कोणी सांगितलं? कधी सांगितलं? त्यानं स्वतः पाहिलं का? वहीत तीन रकाने आखले. जुनं ते खोडलं. ज्यानं पाहिलं नाही, त्याच्यापुढे फुली. मग एक युक्ती सुचली. ज्या दोघांचं आपसांत मुळीच पटत नाही अशांचे अहवाल शेजारी उघडायचे आणि दोघं जे एकसारखं सांगतात तेवढं उतरवायचं. त्या देशाचा कायदा शोधला, त्याचं इंग्रजी भाषांतर वाचलं. आपल्या वकिलातीच्या पानावर तिकडे जाणाऱ्यांसाठी सूचना होत्या, त्यांच्यावर याच वर्षीची तारीख होती. बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी दुपारी वहीत दीड पान उरलं.

त्या दीड पानात होतं ते असं. परदेशी कामगारानं घरात देव ठेवला, पूजा केली, तर कोणी विचारत नाही. रस्त्यावर मांडव नाही, मिरवणूक नाही, लाउडस्पीकर नाही. आपला धर्म दुसऱ्याला सांगायला गेलात तर गुन्हा. आणि तिथल्याच माणसानं स्वतःचा धर्म सोडला, तर त्याची नोकरी जाते, घर जातं, पोरं जातात, कधी तुरुंगही होतो. यावर दोन्ही वैरी एकमतानं बोलत होते, नावानिशी, तारखेनिशी.

बाईंनी त्या ओळींखाली रेघ ओढली. हे खरं होतं, भयंकर होतं, आणि याचा मेसेज कोणी फिरवत नव्हतं. कारण रडणारा आपला नव्हता. आपला हवा म्हणून विनायकरावांनी एक नर्स बनवली, आणि तिथली खरोखरची माणसं तशीच अंधारात.

अहवालाच्या शेवटी प्रश्नांची यादी होती, कुठल्याही देशाला लावून बघावी अशी. त्यात एक होता: माणसाला धर्मावरून भाड्याचं घर नाकारलं जातं का? बाईंनी मान वर केली. मागच्या दिवाळीत दुसऱ्या मजल्यावर घर बघायला एक डॉक्टर जोडपं आलं होतं. चांगली माणसं. सोसायटीचे सेक्रेटरी विनायकराव. त्यांनी नाव विचारलं, आणि फ्लॅट आधीच गेला म्हणून सांगितलं. फ्लॅट पुढं चार महिने रिकामा होता. बाईंनी तेव्हा चहाचे कप उचलून आत नेले होते, एवढंच. आता त्यांना स्वतःचीही शिसारी आली.

शनिवारी सकाळी दहाला वही पिशवीत घालून त्या रिक्षानं डिंडोलीला गेल्या.

चिंधा बनियनवर होता, घाईघाईनं सदरा चढवला. सरलाबाईंनी सतरंजी टाकली. नूतन दाराच्या चौकटीला टेकून उभी, हातात करार असलेलं पाकीट.

"चिंधाभाऊ, तो मेसेज मी लिहिलेला नाही."

चिंधा गोंधळला. "बाई, तुम्हनं नाव व्हतं ना खाले. म्हनीसन तं मन्हा इश्वास बसना."

"माझ्या नावानं दुसऱ्या कोणीतरी लिहिलं." एवढंच म्हणून त्या थांबल्या, आणि थांबल्याची त्यांना लाज वाटली. वही पुढे केली. "खरं आहे ते यात आहे."

चिंधानं वही घेतली, पण वाचली नाही. आधी पहिलं पान पाहिलं, मग शेवटचं, मग पुन्हा पहिलं. बाईंच्या चेहऱ्यावरचं नवल पाहून ओशाळा हसला. "सवय शे, बाई. कापडना ताका हातमा उना का पहिले दोन्ही टोकं देखनं. दोन्हीकडे कापडमिलना छाप पाहिजे. एककडे नही, म्हंजे कोन्ही तरी कापी लिधा."

मग बाईंनी त्याला ते दीड पान वाचून दाखवलं, एक ओळ न गाळता. धर्म सोडणाऱ्यांचंही वाचलं. शेवटी चिंधा म्हणाला, "पन बाई, ती नर्स? सुरतनी? तिले तं पकडं ना?"

"अटक कोणालाच झाली नाही. ते रचलेलं आहे. पण गुजरातीत एक ओळ आली होती, 'गणपतीनी रजा नथी', एवढी मात्र कुठून आली ते मला सापडलं नाही."

सरलाबाई चूल आवरता आवरता वळल्या. "काय म्हनन्यात बाई? गणपतीनी रजा?" आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "अव माय! ती तं आमनी रंजना! मन्हा भाऊनी पोर. तठेच नर्स शे ना ती, तीन साल व्हयनात. दर गणपतीले रडस. आठे गणपतीनी रजा नही, आठे गणपतीनी रजा नही!"

चिंधा ओशाळला, "तुम्हनं नाव देखं, बाई, आनि रंजनाले इचारानं सुचनंच नही." मग नूतनला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली.

रजा! अहिराणीत रजा म्हणजे सुट्टी, मराठीतही सुट्टी. गुजरातीत मात्र रजा म्हणजे परवानगीही. गणपतीला सुट्टी देत नाहीत, ड्यूटी लावतात, म्हणून एका पोरीनं घरच्यांकडे कुरकुर केली. तिचा भाऊ कुंदन कापड मार्केटात काउंटरवर बसतो, त्यानं तेच बोलणं गुजरातीत दुकानात सांगितलं, शब्दन् शब्द तोच. ऐकणाऱ्यांनी गणपतीला देशातून हाकलून दिलं. तिथून ते योगेंद्रकडे, योगेंद्रकडून विनायकरावांकडे, आणि विनायकरावांनी त्याला बेड्या घालून परत डिंडोलीला धाडलं, जिथून निघालं होतं त्याच घरात. बाईंना हसू आलं नाही. एका रजेवरून पोरीचं आयुष्य माळ्यावर गेलं होतं.

नूतननं तिथल्या तिथं व्हिडिओ कॉल लावला. रंजना रात्रपाळी करून आलेली, डोक्याला टॉवेल. "कोन्हले अटक? माले? कोन बोलनं?" तिनं मोबाइल फिरवला. फ्रिजवर दूर्वांचा वाळका गुच्छ, आणि त्याच्यामागे वीतभर गणपती, शेजारी इस्पितळाचं ओळखपत्र लटकवलेलं. "हाऊ देख. तीन सालपासून आठेच बठेल शे. ढोल नही, मांडव नही, ते खरं. आनि मेट्रनले सांगी सांगी थकनू, पन रजा काही देत नही!"

चिंधा त्या गणपतीकडे पाहत राहिला. मग उठला, स्टूल घेतलं, आणि माळ्यावरून बॅग खाली काढली. धूळ झटकत त्यानं विचारलं, "बाई, एक सांगा. लिखनारा कोन व्हता?"

आता टाळता येणार नव्हतं.

"आमचे हे," बाई म्हणाल्या. "माझ्याच घरात लिहिलं गेलं."

चिंधानं मान खाली घातली. शिवी दिली असती तर बाईंना सोपं गेलं असतं. तो फक्त म्हणाला, "सर तं शिकेल मानूस शेत."

नूतननं साडेतीनला सही केली. बाप बरोबर गेला होता.

घरी आल्यावर बाईंनी टेबलावरचा नवऱ्याचा मोबाइल उचलला, भांडी पुसायच्या फडक्यानं त्याची काच पुसली, फडकं कचऱ्यात टाकलं.

"काय करतेस?"

"तुमच्या साडेतीनशे लोकांशी बोलते."

"शैलजा, घरची अब्रू..."

"अब्रू? मला विचारून वापरलीत का माझी?" त्यांनी बटण दाबलं आणि वर्गात बोलत तशा स्वच्छ आवाजात बोलल्या. "मी शैलजा बोलतेय. त्या देशात रस्त्यावर गणपती बसवता येत नाही, मिरवणूक काढता येत नाही, हे खरं. पण घरात गणपती बसतो, तीन वर्षं बसलेला मी आज डोळ्यांनी पाहिला. कोणत्याही नर्सला अटक झालेली नाही. रजा म्हणजे सुट्टी, त्याची परवानगी केली गेली, आणि पुढचं सगळं माझ्या यजमानांनी मनानं रचून खाली माझं नाव घातलं. तिथं छळ होतो तो धर्म बदलणाऱ्या तिथल्याच लोकांचा, त्यांच्याविषयी कोणी काही पाठवत नाही. आणि आपल्या सोसायटीत धर्म विचारून घर नाकारतात, तेही पाठवत नाही. सांगणारी मी, शैलजा. संपलं."

दोन्ही टोकांना नाव घातलं होतं, चिंधाच्या ताक्यावरच्या छापासारखं. तेच बोलणं त्यांनी स्वतःच्या मोबाइलवरही पाठवून ठेवलं. विनायकराव खुर्चीत बसून राहिले. रात्री जेवले नाहीत. बाई जेवल्या.

पंधरा दिवस गेले. नूतनचं विमान उडालं. ग्रुपवरचे अर्धे लोक निघून गेले होते, उरलेले रोजच्यासारखी सुप्रभात पाठवत होते. आणि एका सकाळी शेजारच्या कवितानं बाईंना हौसेनं एक क्लिप पाठवली. 'काकू, तुमचा आवाज सगळीकडे फिरतोय!' अकरा सेकंदांची होती. बाईंनी लावली. स्वच्छ, ठणठणीत, त्यांचाच आवाज. 'मी शैलजा बोलतेय. त्या देशात रस्त्यावर गणपती बसवता येत नाही, मिरवणूक काढता येत नाही, हे खरं.' खाली लाल अक्षरं, तीन-तीन उद्गारचिन्हं.

त्या बाहेरच्या खोलीत गेल्या. "हे तुम्ही कापलंत?"

"मी नाही," विनायकराव म्हणाले. जिभेला बोट लावून त्यांनी काच सरकवली.

खरं असेलही. नसेलही. जगातल्या एका देशाची खात्री करायला बाईंना तीन दिवस पुरले होते, आणि आपल्या दिवाणखान्यातल्या माणसाची खात्री करायला कुठलाच अहवाल नव्हता. त्यांना त्या खोलीत उभं राहवेना. त्या स्वयंपाकघरात आल्या, तेवढ्यात मोबाइल वाजला. चिंधा होता.

"बाई, तुम्हना आवाज उना. फिरी राह्यना बठ्ठा डिंडोलीमा."

"ऐकलं मी, चिंधाभाऊ." आता पुन्हा सगळं पहिल्यापासून.

"मी कोन्हले धाडं नही. एकच टोकले छाप शे ना. मी शैलजा, इतलं शे सुरूले, शेवटले काहीच नही. कापेल शे हाई." मागे घडीखात्याचा गलका ऐकू येत होता. "बाई, बाकीना आवाज कोठे शे?"

"आहे," बाई म्हणाल्या. "माझ्याजवळ आहे. थांबा, पाठवते."